‘आमच्या मायला कधी झालं नाही’ लिहिणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, बाळंतपणानंतरच्या लघवीच्या त्रासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "आमच्या मायनं सात बाळंतपणं केली, कापूस वेचला, कधी लघवीचं रडगाणं गायलं नाही. आजकालच्या पोरी नाजूक. तुम्ही उगाच घाबरवता. आमच्या सुनेला महिनाभर उन्हाळी (लघवीची जळजळ) आहे, धने-जिऱ्याचं पाणी चालू आहे, होईल बरं." वर सोनोग्राफीवाल्यांशी माझं साटंलोटं असल्याचंही सुचवलंत.

धने-जिऱ्याच्या पाण्यात वाईट काही नाही, मान्य. त्या निमित्तानं बाळंतिणीच्या पोटात पाणी तरी जातं.

पण दुखणाऱ्या बाईबद्दल बोलायची ही कोणती रीत? तुमच्या मायनं कधी सांगितलं नाही, एवढंच तुम्हाला माहीत आहे. पोटच्या पोराजवळ ती हे बोलली असती का? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत नर्सबाई म्हणून नोकरी केली. लसीकरणाला आलेल्या बाया सासू जरा दूर गेली की हळूच सांगायच्या, "बाई, खोकलं की लुगडं ओलं होते. अंग खाली आल्यावानी वाटते." काहींची लेकरं तोवर शाळेत जाऊ लागलेली असायची.

माझंच सांगते. पहिल्या बाळंतपणानंतर मला लघवी उतरेना. ओटीपोट दगडासारखं झालं आणि वॉर्डातल्या बाई म्हणाल्या, नखरे करू नको. शेवटी नळी घालावी लागली. बाळाचं डोकं खाली सरकताना मूत्राशय आणि त्याच्या नसा दाबल्या जातात, म्हणून लघवीची पिशवी भरल्याची जाणीवच काही काळ मंदावते. सहा तासांत लघवी झाली नाही तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. पिशवी पूर्ण रिकामी होत नसेल तर साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. नळी घातल्यानंही जंतू आत जाऊ शकतात. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात, आणि वेचणीला लागलेली बाई आडोसा नाही म्हणून दुपारपर्यंत लघवी दाबून धरते. याला नाजूकपणा म्हणता?

आणि प्रत्येक जळजळ जंतूंचीच असते असंही नाही. टाक्यांवर लघवी लागली तरी आग होते. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, तिथली त्वचा कोरडी पडते आणि तपासणीत काही न सापडताही चुरचुरतं. ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडून मूत्राशय खाली उतरलं असेल तर जडपणा वाटतो, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. तिथे धने काय करणार?

सोनोग्राफीच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही. लेख पुन्हा वाचा, पहिली तपासणी साध्या लघवीची लिहिली आहे.

आता तुमच्या सुनेचं. महिनाभर जळजळ म्हणजे वाट पाहण्याची वेळ कधीच टळून गेली. तिला ग्रामीण रुग्णालयात न्या. गोळ्या सुरू करण्याआधी लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत ते पाहण्याची तपासणी) करून घ्या, आणि ती बाळाला अंगावर पाजते हे डॉक्टरांना आधी सांगा. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं किंवा लघवीत रक्त यातलं काही असेल तर आजच्या आज निघा. डॉक्टरांसमोर तिला स्वतःला बोलू द्या, भाऊ. तुम्ही बाहेर थांबा.