दवाखान्याचं बिल वाढवायचंय? फोन आहे ना हातात!

दवाखान्याचा खर्च फारच कमी होतोय अशी तुमची तक्रार असेल तर टेन्शन घेऊ नका, मोबाईल आणि टीव्ही दोन्ही असतील तर काम झालंच म्हणून समजा.

सुरुवात रील्सपासून करा. पांढरा कोट घातलेला कुणीतरी (कोट विकत मिळतो हो, डिग्रीला वर्षं लागतात) सांगतो, "ही पाच लक्षणं असतील तर सावधान!" थकवा, डोकं जड, झोप अपुरी... पाचही जुळतात, सोमवारी सकाळी कुणाची जुळत नाहीत? लगेच फुल बॉडी चेकअप. आता गंमत अशी की रिपोर्टमधली ती नॉर्मल रेंज बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के बसतील अशीच आखलेली असते, म्हणजे धडधाकट माणसाने २० टेस्ट केल्या तर एखादी तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. मग त्या लाल आकड्यासाठी स्कॅन, स्कॅनमध्ये दिसलेल्या ठिपक्यासाठी स्पेशालिस्ट, आणि शेवटी कळतं की काहीच नव्हतं. पण बिल तर झालं ना!

सर्दी झाली की अँटिबायोटिकच मागा. सर्दी व्हायरसची, औषध बॅक्टेरियाचं, असल्या बारीकसारीक गोष्टीत पडायचं नाही. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग १९४५ मध्येच सांगून गेले होते की अर्धवट डोस घेतले तर जंतू औषधाला दाद देणार नाहीत, पण त्यांचं चॅनल कुठे होतं.

"धोका ५० टक्क्यांनी घटला" अशी बातमी दिसली की ते औषध आणाच. हजारात दोघांऐवजी एकालाच होतं, एवढाच त्याचा अर्थ असला तरी विचारू नका, ५० कसं भारी वाटतं. आणि बीपी अजिबात मोजू नका, ते वर्षानुवर्षं गुपचूप वाढतं, त्यात बघण्यासारखं काय? जुलाबावर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, ह्यालाही व्ह्यूज नाहीत, सोडा.

राहिली सीरियल. आजोबांचं तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो (म्हणजे पक्षाघात, स्ट्रोक), सगळे एकमेकांकडे तीन-तीनदा बघतात, विजा कडाडतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं हे एका डायलॉगमध्ये सांगता आलं असतं, पण तेवढ्यात सूनबाईंचं जुनं रहस्य बाहेर पडतं. तुम्हीही घरी तसंच करा. आधी फॅमिली ग्रुपवर फोटो टाका, सगळ्यांचे सल्ले येऊ द्या. मग पुढे महिनोन्महिने फिजिओथेरपीची सोय झालीच.