अणुयुद्धाचे चित्रपट आणि मागे उरणारे दुःख : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अणुयुद्धावरील जुन्या चित्रपटांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हे चित्रपट म्हणजे कलेच्या नावाखाली केलेला भीतीचा प्रसार आहे. ते पाहून माणूस सुन्न होतो, काही रात्री झोप लागत नाही आणि हाती मात्र काहीच लागत नाही. त्यांतील स्फोटांची दृश्ये आज जुनाट वाटतात. आणि ज्यांच्यावर बॉम्ब खरोखर पडला त्या जपानी माणसांना सोडून इंग्रज-अमेरिकनांच्या काल्पनिक मरणाविषयी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आपण हे पोटतिडकीने लिहिले आहे, म्हणून मीही मनापासून आणि जरा विस्ताराने उत्तर देते.

हे चित्रपट पाहिल्यावर पहिल्या रात्री जे वाटते आणि कित्येक वर्षांनी जे मनात उरलेले असते, त्यांत फरक करायला हवा. पहिल्या रात्री भीती वाटते, हे आपले निरीक्षण अगदी खरे आहे. पण भीती फार काळ टिकत नाही. शरीराचा थरकाप थांबला की तीही ओसरते. जे राहते ते दुःख असते, आणि ते दुःखही साऱ्या जगाच्या नाशाचे क्वचितच असते. घरातल्या, रोजच्या, एरवी कोणाच्या ध्यानातही न येणाऱ्या कामांचे ते दुःख असते, कारण ती कामे करणारी माणसे शेवटपर्यंत ती करत राहतात आणि त्या कामांचा अर्थ मात्र निघून गेलेला असतो. या चित्रपटांच्या दीर्घ परिणामाचे मूळ मला तिथे दिसते.

स्टॅन्ली क्रेमर यांचा १९५९ सालचा 'ऑन द बीच' घ्या. कथा १९६४ सालात घडते. उत्तर गोलार्धातील माणूस संपला आहे, किरणोत्सर्गी हवा हळूहळू दक्षिणेकडे सरकते आहे आणि मेलबर्नच्या लोकांपाशी काही महिने उरले आहेत. सव्वादोन तासांच्या या चित्रपटात एकही स्फोट नाही, कोसळलेल्या इमारती नाहीत. मग भीतीचा प्रसार करायचा तरी कशाने? कथेच्या मध्यावर सॅन दिएगोच्या बाजूने मोर्सच्या सांकेतिक लिपीतले अर्थहीन तुटक संदेश येऊ लागतात आणि तिकडे कोणी जिवंत असेल या आशेने एक अमेरिकन पाणबुडी ऑस्ट्रेलियाहून निघते. संरक्षक पोशाख घातलेला एक सैनिक किनाऱ्यावर उतरतो, ओसाड आवारातून चालत त्या खोलीपर्यंत पोहोचतो आणि पाहतो, तर खिडकीच्या पडद्याच्या दोरीत कोका-कोलाची रिकामी बाटली अडकली आहे, वाऱ्याने पडदा हलला की ती हलते आणि तिच्या धक्क्याने तारयंत्राची कळ दाबली जाते. इतकेच. इतका वेळ ज्याला आपण माणसाचा आवाज समजत होतो तो वारा होता. या दृश्यात अंगावर येणारे काही नाही, आणि तरीही हा चित्रपट पाहिलेला माणूस बाकी सगळे विसरला तरी ती बाटली विसरत नाही.

त्याच प्रवासात सॅन फ्रान्सिस्कोपाशी आणखी एक प्रसंग आहे. पाणबुडीतला एक खलाशी मूळचा त्या शहरातला. तो कोणाला न जुमानता पाण्यात उडी मारून आपल्या गावात निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणबुडीचा परिदर्शक (पेरिस्कोप) पाण्यावर येतो तेव्हा तो एका होडीत गळ टाकून मासे धरत बसलेला असतो. कॅप्टन ध्वनिक्षेपकावरून त्याच्याशी बोलतो, तोही नीट उत्तर देतो. मरायचेच आहे तर आपल्या गावात मरू, एवढीच त्याची इच्छा. दोघांच्या बोलण्यात आरडाओरडा नाही आणि भाषणबाजीही नाही. या प्रसंगाला भयप्रसार म्हणायला मन धजत नाही.

आपला आक्षेप तसा फार जुना आहे. हा चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतील नागरी संरक्षणाच्या अधिकाऱ्यांनीही असेच म्हटले होते, की यामुळे लोकांत हताशपणा पसरेल आणि बचावाची तयारी करण्यात काही अर्थ नाही असे त्यांना वाटेल. बचाव होऊ शकतो, हे गृहीत धरूनच ही तक्रार केलेली होती. माझ्या दृष्टीने वादाचा खरा मुद्दा हाच आहे. जो भीती पसरवतो तो बहुधा तिच्यावरचा उपायही पुढे करत असतो. शत्रूची भीती घालणारा मोठा बॉम्ब मागतो, हल्ल्याची भीती घालणारा तळघर बांधायला सांगतो. हे चित्रपट कोणताही उपाय पुढे करत नाहीत. उलट जे उपाय सरकारे घरोघर सांगत होती, ते करून पाहिल्यावर काय होते हे ते शेवटपर्यंत दाखवतात.

'व्हेन द विंड ब्लोज' या १९८६ सालच्या ॲनिमेशनपटात हे सर्वांत स्पष्ट दिसते. रेमंड ब्रिग्ज यांच्या चित्रकथेवरून जिमी मुराकामी यांनी तो केला. खेड्यातल्या टुमदार घरात राहणारे जिम आणि हिल्डा हे निवृत्त जोडपे, आणि वाचनालयातून आणलेली सरकारी पत्रके. पत्रकात लिहिल्याप्रमाणे जिम घरातले दरवाजे बिजागऱ्यांपासून काढतो आणि भिंतीला टेकवून त्यांचा आडोसा तयार करतो. कोन साठ अंशांचाच हवा, म्हणून तो काटेकोर मोजमाप करतो. हिल्डाला काळजी आहे ती घराची, रंग खरवडेल आणि उशा खराब होतील याची. हल्ल्याला तीन मिनिटे उरल्याची घोषणा होते तेव्हा तिला वाळत घातलेले कपडे आत आणायचे असतात. जिम तिला आडोशात ढकलतो, तरी तिचा जीव भट्टीतल्या केकमध्ये अडकलेला असतो. बॉम्बनंतर दोघे आडोशातून बाहेर येतात, पावसाचे पाणी साठवून, उकळून पितात, सरकारी मदत येईल म्हणून वाट पाहतात आणि आपल्या अंगावर दिसणाऱ्या प्रत्येक लक्षणाला काहीतरी साधे कारण शोधून एकमेकांना धीर देतात. केस गळू लागतात तरी जिमचा सरकारवरचा विश्वास ढळत नाही.

ही पत्रके कल्पनेतून आलेली नव्हती. ब्रिटिश सरकारची 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका १९८० साली विक्रीला आली होती आणि तिच्यात दरवाजे टेकवून आडोसा करण्याची, चौदा दिवसांचे अन्नपाणी साठवण्याची कृती चित्रांसह दिलेली होती. पुस्तिका धीर देणारी होती आणि चित्रपट अस्वस्थ करणारा आहे, हे मान्य. पण त्या दोघांपैकी प्रामाणिक कोण होते, हे आपणच ठरवावे. त्या म्हाताऱ्यांची कीव येत नाही, त्यांच्याविषयी माया वाटते, कारण ते भोळे असले तरी मूर्ख नाहीत. सांगितलेले काम नीट करावे आणि वडीलधाऱ्यांवर विश्वास ठेवावा, हे त्यांचे आयुष्यभराचे वळण आहे, आणि आपल्या घरातल्या मागच्या पिढीचे वळणही फारसे वेगळे नव्हते.

जुनाट दृश्यांच्या बाबतीत आपले म्हणणे मला मान्य आहे, पण त्याने फार काही बिघडते असे वाटत नाही. 'द डे आफ्टर' २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. त्यातल्या स्फोटाच्या ढगासाठी पाण्याच्या टाकीत रंग सोडून चित्रण केले होते, आणि आजच्या नजरेला ते कळतेही. परंतु त्याच चित्रपटात कॅन्ससमधली एक शेतकरी बाई आहे. शेतांच्या कडेला पुरलेली क्षेपणास्त्रे आकाशात गेली आहेत, म्हणजे उत्तरादाखल येणारी अर्ध्या तासात येऊन पोहोचणार, आणि ही बाई वरच्या मजल्यावर पलंगावरच्या चादरी नीट करते आहे. नवरा हाका मारतो, तिला ऐकू जात असूनही ती उशा सारख्या करत राहते. शेवटी तो तिला उचलून तळघराकडे नेतो तेव्हा ती किंचाळते. रंगाचा ढग जुना झाला, चादर सारखी करणारी ती बाई जुनी झाली नाही, आणि होणारही नाही.

हाती काहीच लागत नाही, या आपल्या वाक्याविषयी एक नोंद सांगते. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 'द डे आफ्टर' प्रसारणाआधी, १० ऑक्टोबर १९८३ रोजी कॅम्प डेव्हिड येथे पाहिला आणि तो परिणामकारक असून त्याने आपल्याला फार खिन्न केले, असे रोजनिशीत लिहून ठेवले. त्याच्या दोनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, सोव्हिएत संघाच्या इशारा यंत्रणेने अमेरिकन क्षेपणास्त्रे सुटल्याचा खोटा इशारा दिला होता आणि स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तो खरा न मानल्यामुळे पुढचा अनर्थ टळला होता. जगाला तेव्हा याचा पत्ताही नव्हता. डिसेंबर १९८७ मध्ये रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचोव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. एका चित्रपटामुळे करार झाला, असे मी म्हणणार नाही. करारामागे पुष्कळ राजकारण होते. पण खिन्नतेतून काही निष्पन्न होत नाही, हा नियम म्हणून मांडला तर तो टिकत नाही.

'थ्रेड्स'विषयी मात्र आपल्याशी वाद घालण्यात मला रस नाही. बीबीसीने सप्टेंबर १९८४ मध्ये दाखवलेला, शेफील्ड शहरात घडणारा हा चित्रपट अतिशय कठोर आहे, तो लहान मुलांसमोर लावू नये, आणि ज्यांचे मन आधीच दुखावलेले आहे त्यांनीही टाळावा. तरीसुद्धा त्यातले सर्वांत असह्य दृश्य हल्ल्याचे नाही. हल्ल्यानंतर जन्मलेली मुलगी जेन दहा-अकरा वर्षांची झाली आहे. शेतात राबून अकाली म्हातारी झालेली तिची आई रूथ अंथरुणावर मरण पावते. मुलगी तिला हलवते, आई न म्हणता नावाने हाक मारते आणि तुटक शब्दांत एवढेच सांगते, की काम आहे, ऊठ. रडणे तिला कोणी शिकवलेलेच नाही. रडण्यालाही घर, गाणे, शाळा, शेजारपाजार लागतो, आणि ते सगळे नाहीसे झाल्यावर माणूस जिवंत असूनही काय होऊन बसतो, हे त्या दोन-तीन शब्दांत दिसते. इथे शोक करायला पडद्यावर कोणी उरलेले नाही, म्हणून तो पाहणाऱ्याला करावा लागतो.

आता जपानचा मुद्दा. बॉम्ब जपानवर पडला, ही गोष्ट 'द वॉर गेम' करणाऱ्या पीटर वॉटकिन्स यांना पक्की ठाऊक होती. १९६५ साली केंट परगण्यातील सामान्य रहिवाशांना घेऊन केलेल्या त्या चित्रपटाचे तपशील त्यांनी हिरोशिमा, नागासाकी आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी जळालेली ड्रेस्डेन व हॅम्बुर्ग ही जर्मन शहरे, येथे प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींवरून घेतले. मृतांची ओळख पटावी म्हणून त्यांच्या बोटांतल्या लग्नाच्या अंगठ्या काढून बादलीत साठवल्या जातात, हे दृश्य ड्रेस्डेनमध्ये झालेले आहे. बीबीसीने तो प्रसारणासाठी फार भयानक ठरवून १९८५ पर्यंत दूरचित्रवाणीवर दाखवला नाही, मधल्या काळात त्याला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. दुसऱ्याचे खरे दुःख आपल्या गल्लीत आणून पाहणे, याला मी दुर्लक्ष म्हणणार नाही.

आणि स्वतः जपानी दिग्दर्शकांनाही या काल्पनिक संकटाची गरज भासली होती. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवरच्या अमेरिकन चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, तिच्यावरचे तेवीस खलाशी आजारी पडले आणि त्यांचे रेडिओचालक आईकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. पुढच्याच वर्षी अकिरा कुरोसावा यांनी 'आय लिव्ह इन फिअर' या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा चित्रपट केला. त्यात बॉम्ब पडतच नाही. पस्तिशीतल्या तोशिरो मिफुने यांनी रंगवलेला एक म्हातारा कारखानदार, बॉम्बच्या धास्तीने सगळे कुटुंब घेऊन ब्राझीलला जायचे म्हणतो, आणि घरचे त्याला वेडा ठरवण्यासाठी न्यायालयात जातात. वीज चमकली की तो तान्ह्या मुलावर स्वतःला झोकून देतो. घरची माणसे बांधली जातात ती त्याच्या ओतशाळेमुळे, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यामुळे, म्हणून तो ती जाळून टाकतो. तेव्हा कामगार विचारतात, आमच्या पोटाचे काय? आणि तो त्यांच्यापुढे गुडघे टेकतो. इतरांच्या शांत राहण्याला शहाणपण म्हणायचे की त्याच्या धास्तीला, हा प्रश्न कुरोसावांनी प्रेक्षकावर सोडला आहे. हिरोशिमा पाहिलेल्या देशात हा प्रश्न पडला, म्हणजे तो रिकामटेकड्यांचा खेळ नव्हता.

जपानी चित्रपटांवर स्वतंत्र लेख हवा, ही आपली सूचना योग्य आहे आणि पुढचा लेख मी त्यावरच लिहिते आहे. दरम्यान, आपण लिन लिटमन यांचा १९८३ सालचा 'टेस्टामेंट' पाहिलेला नाही असे लिहिले आहे, तो अवश्य पाहावा. त्यात एका क्षणाच्या लखलखाटाखेरीज युद्ध दिसत नाही. कॅलिफोर्नियातील एका लहान गावातली आई आहे, आणि धाकट्या मुलाला पुरण्याआधी त्याचे खेळण्यातले अस्वल सापडलेच पाहिजे म्हणून ती घरभर धुंडाळते आहे. तो पाहून झाल्यावरही आपल्याला भीतीचाच शब्द वापरावासा वाटला, तर तसे जरूर कळवावे. मी आपले म्हणणे इथेच प्रसिद्ध करीन आणि त्यावर पुन्हा लिहीन.

कळावे, लोभ असावा.