हस्तांदोलन जुळत नाही

लिनक्सच्या मेल सर्व्हरवर स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर एकट्यानं कधी येत नाही. स्पॅमअसॅसिन मागवावं तर ते पर्ल या भाषेतली डझनभर मॉड्यूलं (कोडचे तयार तुकडे) घेऊन येतं, मॉड्यूलं आपापली मॉड्यूलं आणतात, पाठोपाठ मेल तपासणीला धाडणारं अमाविस आणि त्याच्या कडेवर व्हायरस शोधणारी क्लॅमएव्ही. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. सगळे गुण्यागोविंदानं नांदतात ते पुढच्या अपडेटपर्यंत. मग पडद्यावर ओळ येते, की या पॅकेजातली फ्रेशक्लॅम.कॉन्फ ही सेटिंगची फाइल त्या पॅकेजातल्या फ्रेशक्लॅम.कॉन्फशी भांडते आहे.

भांडणाचं मूळ बहुधा दोन रिपॉझिटरींत, म्हणजे पॅकेजांच्या दोन कोठारांत, असतं. क्लॅमएव्ही एकच, पण तिची वाटणी प्रत्येक रिपॉझिटरीनं आपल्या मनानं केलेली. एकीकडे व्हायरसच्या सह्यांचं (ओळखखुणांचं) पॅकेज ‘क्लॅमएव्ही-डेटा’, दुसरीकडे ‘क्लॅमएव्ही-डीबी’. पॅकेजं बसवणाऱ्या आरपीएमला नुसती नावं कळतात. त्याच्या लेखी हे दोन परके पाहुणे. दोघंही एकाच खुर्चीवर बसायला निघालेत हे त्याला खुर्चीपाशी पोचल्यावरच दिसतं.

इथं हात आपोआप ‘कोण कुणावर अवलंबून ते तपासू नको’ असं सांगणाऱ्या ‘--नोडेप्स’कडे जातो. माझाही जातो, मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवतो. ‘--नोडेप्स’नं भांडण मिटत नाही, साक्षीदार तेवढा हाकलला जातो. त्यापेक्षा आरपीएमसाठी पॅकेजं आणणाऱ्या डीएनएफची ‘डीएनएफ लिस्ट --शोडुप्लिकेट्स’ ही आज्ञा चालवून कोण कुठून आलंय ते पाहावं, एक रिपॉझिटरी निवडावी आणि दुसरीच्या .रेपो फाइलीत ‘एक्सक्लूडपीकेजीएस’ (वगळायची पॅकेजं) या शब्दापुढे क्लॅमएव्ही, क्लॅमडी, अमाविस, स्पॅमअसॅसिन या सगळ्यांची नावं तारांकनासह लिहावीत. अर्धी नावं लिहिली तर अर्धं भांडण उरतं.

प्राधान्याचे आकडेही वापरता येतात, पण डीएनएफमध्ये ज्याचा आकडा लहान त्याचा मान मोठा (न सांगितल्यास ९९), आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या एपीटीमध्ये नेमकं उलट: मोठा आकडा जिंकतो आणि १००० च्या वर गेला तर जुनी आवृत्तीसुद्धा नव्याच्या बोकांडी बसवतो. भरीला इपॉक आहे. आवृत्तीच्या आधी ‘१:’ लागलं की ०.९ ही २.५ पेक्षा नवी ठरते. हे अंकगणित ज्यानं शोधलं त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे.

तरीही हे सगळं सरळ भांडण, समोरासमोर होतं. खरा छळ पर्लचा.

पॅकेजं निमूट बसतात, एरर एकही नाही, आणि स्पॅमअसॅसिन उठायलाच तयार नाही. कारण सांगतं की लायब्ररी आणि पर्ल जुळत नाहीत, ‘हँडशेक की’ वेगळी आली. म्हणजे हे दोघे साधं हस्तांदोलनही करेनात. अशा वेळी अडलेल्या मॉड्यूलचं नाव घेऊन ‘पर्लडॉक -एलएम एचटीएमएल::पार्सर’ विचारावं. ते फाइलचा पत्ता देतं. तो पत्ता ‘आरपीएम -क्यूएफ’ला द्यावा. उत्तर येतं: ही फाइल कोणत्याही पॅकेजची नाही.

बेवारस! पण पत्ता /यूएसआर/लोकलचा असतो आणि तिथं फाइल आपोआप उगवत नाही. कधी तरी कुणी तरी घाईत, रूट (सर्वाधिकारी) होऊन, ‘सीपॅन’नं, म्हणजे पर्लच्या स्वतंत्र कोठारातून, मॉड्यूल बसवलेलं असतं. सर्व्हरचा रूट पासवर्ड एकट्या माझ्याकडे असल्यानं संशयितांची यादी फार लांबत नाही.

सीपॅननं काय ठेवलं ते आरपीएमला कळत नाही, आणि पर्ल शोधायला निघालं की /यूएसआर/लोकल आधी पाहतं. त्यामुळे अपडेटनं नवं पर्ल आणि नवं मॉड्यूल आणलं तरी हाती लागतो जुन्या पर्लसाठी कंपाइल केलेला जुनाच तुकडा. उपाय: /यूएसआर/लोकलखालच्या पर्लच्या फोल्डरांची, शेअरमधल्या आणि लिब६४ मधल्या दोन्ही, नावं बदलून ठेवावीत. पुसू नयेत, त्यात काय काय कोंबलंय ते आठवत नसतं. मग ‘स्पॅमअसॅसिन -डी --लिंट’ ही तपासणी चालवावी. कोणतं मॉड्यूल आहे, कोणत्या आवृत्तीचं, कोणतं नाही, सगळं ते ओळीनं सांगतं. जे नाही ते ‘डीएनएफ इन्स्टॉल’ला कंसासकट ‘पर्ल(मेल::डीकेआयएम)’ असं अवतरणात द्यावं, पॅकेजचं नाव ते स्वतः हुडकतं. डेबियनवर आधी ‘लिब’, शेवटी ‘-पर्ल’, मध्ये मॉड्यूल.

एवढं करून स्पॅमडी (स्पॅमअसॅसिनची पडद्यामागची सेवा) रीस्टार्ट केलं आणि काहीच बदललं नाही, तर स्पॅमडीला बोल लावू नये. चोर सोडून संन्याशाला फाशी. अमाविस स्पॅमडीला विचारतच नाही, स्पॅमअसॅसिनची मॉड्यूलं स्वतःच्या पोटात घेऊन बसतं. रीस्टार्ट त्यालाच करावं लागतं.

नियमांची शिळी यादीही तपासावी, कारण लिंट नापास झालं की ‘एसए-अपडेट’ नवे नियम घेत नाही. (ते १ हा कोड देऊन बाहेर पडलं तर घाबरू नका, नवं काही नाही एवढाच अर्थ.) शिळे नियम काय करतात ते १ जानेवारी २०१० ला जगानं पाहिलं: २०१० ही तारीख एका नियमाला फार दूरचं भविष्य वाटली आणि त्यानं सरळमार्गी मेलांना स्पॅमचे गुण वाटले.

या सगळ्यात मेलांची ने-आण करणाऱ्या पोस्टफिक्समधली, मेल अमाविसकडे वळवणारी ‘कंटेंट_फिल्टर’ची ओळ मात्र काढू नये. अमाविस बंद असलं तर पोस्टफिक्स मेल टाकून देत नाही, मूळ सेटिंगमध्ये पाच दिवस रांगेत धरून ठेवतं. शेवटी १००० गुण मिळवणारी जीट्यूब ही चाचणीची ओळ पाठवून पाहावी, ती अडकली की ‘पोस्टक्यू -एफ’ म्हणून रांग सोडावी.

रांगेतून सगळ्यात आधी बाहेर पडतात त्या तक्रारी: ‘सकाळपासून मेल येत नाहीये. हा मेल मिळताच बघाल का?’