‘रुंद टायर घाला, ग्रिप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल’: हा सल्ला कुठे चुकतो

सगळीकडे फिरणारा सल्ला असा: ‘कंपनीच्या टायरपेक्षा दोन साइज रुंद टायर घाला. ग्रिप वाढते, ॲव्हरेज वाढतं, आणि स्पीडोमीटर गाडीचा कॉम्प्युटर आपोआप जुळवून घेतो.’ १८५/६५ आर१५ (१८५ मिमी रुंद, १५ इंची म्हणजे ३८१ मिमी रिमचा टायर) काढून २०५/६५ आर१५ घातला, असं धरून तपासू.

‘कॉम्प्युटर जुळवून घेतो’

घेत नाही. सेन्सर फक्त फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा कारखान्यातच भरलेला असतो आणि टायर बदलल्याचं कॉम्प्युटरला कळत नाही.

बहुतेक जण ६५ या आकड्यापाशी फसतात. ती टायरच्या बाजूची उंची मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत आहे. म्हणून ६५ कायम ठेवून रुंदी वाढवली की उंचीही वाढते. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५, त्याची दुप्पट २४०.५; त्यात रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६२१.५ मिमी. २०५ चा व्यास येतो ६४७.५. फरक ४.२ टक्के. अचूक असलेला काटा आता १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ने धावत असेल.

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. ८० च्या वेगाला ९२ पर्यंत दाखवलं तर चालतं. म्हणून काटे मुळातच थोडं जास्त दाखवतात. मोठा टायर नेमकी हीच राखीव जागा खातो. एरवी झीज उलट दिशेने काम करते: नक्षी ८ मिमीवरून १.६ वर आली की व्यास दोन टक्क्यांनी घटतो आणि काटा आणखी जास्त दाखवतो.

‘ॲव्हरेज वाढतं’

किलोमीटरचा आकडाही त्याच फेऱ्यांवरून येतो. मीटरवर ५०० दिसतात तेव्हा गाडी ५२१ धावलेली असते, म्हणून मीटरवरून काढलेलं ॲव्हरेज उलट कमी दिसतं, त्याला १.०४२ ने गुणा. शिवाय प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी लांब होतो, म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि ओढ तेवढी कमी मिळते. जड चाक दर सिग्नलला नव्याने फिरवावं लागतं आणि चढावर क्लच जास्त घासतो.

‘ग्रिप वाढते’

कोरड्या रस्त्यावर, थोडी. साचलेल्या पाण्यावर तेवढ्याच नक्षीचा रुंद टायर कमी वेगातच तरंगू लागतो. २०५/६५ ला किमान साडेपाच इंच रुंद रिम लागते. पाच इंची रिमवर तो बसवूच नये: बाजू फुगतात, स्टेअरिंग वळवल्यावर आधी टायर मुरडतो आणि मग गाडी वळते. ब्रेक तेवढाच दाबला तरी जमिनीवर पोचणारा जोर चार टक्के कमी.

रुंदी हवीच असेल तर व्यास राखा. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ येतो, काटा जागेवर राहतो. पण बाजूची उंची १२० वरून १०७ होते, म्हणजे खड्ड्यात रिम वाकायची शक्यता वाढते. टायरवरचा भार-निर्देशांकही (एक टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) वाचा: ८८ म्हणजे ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. कंपनीच्या आकड्याखाली जाऊ नका.

बसवल्यावर गाडीत पूर्ण माणसं बसवून स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि चाक मडगार्डच्या अस्तराला घासतंय का ते बघा. मग सपाट, सरळ रस्त्यावर काटा ८० वर स्थिर ठेवून जीपीएसवरचा वेग शेजारच्याला वाचायला सांगा. स्टेपनी जुन्याच मापाची असेल तर ती पुढच्या टायरच्या दुकानापर्यंतच वापरा. इंजिन ज्या ॲक्सलला फिरवतं त्यावर दोन व्यास असले की डिफरन्शिअलचे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या जोडणीचे) आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात आणि तो तापतो.