प्रश्न आधी ठरवावा, भागीदार नंतर शोधावेत

सामाजिक शास्त्रांत संशोधन करणाऱ्या, आणि हल्ली निधीच्या प्रत्येक प्रस्तावात समुदायाशी व उद्योगाशी भागीदारी दाखवावी लागते म्हणून त्रासलेल्या प्राध्यापकहो, आपल्या हिताच्या चार गोष्टी सांगण्याची परवानगी असावी.

सर्वप्रथम संशोधनाचा प्रश्न पक्का करून टाकावा. तो लोकांना विचारून ठरवण्याच्या फंदात पडू नये, कारण लोकांचे प्रश्न फार गैरसोयीचे असतात. त्यांना नळाला पाणी कधी येणार हे हवे असते, आणि आपला सैद्धांतिक आराखडा तर ‘सामाजिक भांडवला’चा, म्हणजे माणसांतील ओळखी आणि परस्परविश्वास यांचा, असतो. प्रस्तावाची मुदत संपायला दोन दिवस उरले, की एखाद्या स्थानिक संस्थेकडे सहकार्याचे पत्र मागावे. पत्राचा मसुदा आपणच पाठवावा, त्यात ‘हा प्रकल्प आमच्या गरजेतून उभा राहिला आहे’ हे वाक्य आठवणीने घालावे, आणि प्रकल्प नेमका कशाचा आहे, हे निधी मंजूर झाल्यावर सवडीने कळवावे.

लोकसहभाग किती असावा, हा प्रश्न अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ मध्येच सोपा करून ठेवला आहे. त्यांनी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली; तळाशी लोकांना नुसते वापरून घेणे आणि माथ्यावर लोकांच्या हाती खरे नियंत्रण. आपण चौथ्या पायरीवर, म्हणजे ‘सल्लामसलती’वर, आसन ठोकावे. तेथून छायाचित्रे चांगली येतात आणि उतरायलाही सोपे जाते. ही पायरी नाममात्र सहभागात मोडते, असे आर्नस्टाईन यांनीच म्हटले आहे. पण प्रस्ताव तपासणाऱ्यांपैकी कितीजण शिडी मोजत बसतात?

उद्योगाशी भागीदारी करताना मात्र पूर्वसूरींकडून बरेच शिकण्यासारखे आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांचे दाखले व्यवस्थापनाच्या वर्गात आजही दिले जातात. तेथे रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जोडणाऱ्या मोजक्या कामगार स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या विश्रांतीच्या व कामाच्या वेळा बदलत उत्पादन मोजले जात होते. त्यांपैकी दोघी फार बोलतात आणि पुरेसे सहकार्य करत नाहीत, असे ठरल्यावर १९२८ च्या आरंभी त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. पुढे उत्पादन वाढले, आणि आपुलकीने लक्ष दिले की माणूस जोमाने काम करतो, असा निष्कर्ष जगभर पोहोचला. न पटणारा नमुना बदलून घेण्याची ही सोय आपल्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात लिहायची नसते, एवढे पथ्य मात्र पाळावे.

करारातील ‘प्रकाशनापूर्वी मजकूर पाहण्याचा हक्क’ या कलमाने बिचकू नये. कंपनी सहसा निष्कर्ष बदलायला सांगत नाहीच. कोणता प्रश्न विचारण्यासारखा आहे, एवढेच ती सुचवते. लठ्ठपणाच्या चर्चेत आहारापेक्षा व्यायामावर भर देणाऱ्या एका संशोधक-गटामागे कोका-कोलाचा पैसा असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, आणि कोलोरॅडो विद्यापीठाला दहा लाख डॉलर परत करावे लागले. यातून काहीजण भलताच धडा घेतात. खरा धडा असा, की निधी देणाऱ्याचे नाव आभाराच्या पानावर पुरेशा बारीक अक्षरांत, पण पहिल्याच दिवशी छापून टाकावे.

आता खर्चाचा तक्ता. त्यात विद्यापीठाचा प्रशासकीय वाटा, परिषदेचा विमानप्रवास, ध्वनिमुद्रण यंत्र आणि संशोधन सहायकाचे मानधन आवर्जून असावे. वस्तीतील ज्या बाई आपल्याला घरोघरी फिरवतात, कोणाकडे कोणत्या वेळी जावे आणि कोणता विषय काढू नये हे सांगतात, आणि ज्यांच्या शब्दावर दारे उघडतात, त्यांच्या श्रमासाठी ‘लोकसहभाग’ हा सुंदर शब्द आहे. त्याला रक्कम लागत नाही. अगदीच संकोच वाटला तर प्रमाणपत्र द्यावे. शोधनिबंधात त्यांचा उल्लेख ‘प्रमुख माहितीदार’ असा करावा, म्हणजे गोपनीयताही राखली जाते आणि सहलेखक कोण, हा अवघड विषयही निघत नाही.

संमतिपत्र शक्य तितके व्यापक ठेवावे. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई या मूळनिवासी लोकांनी १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले ते मधुमेहाचे कारण कळावे म्हणून; त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनियाचा आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराचाही अभ्यास झाला. प्रकरण न्यायालयात गेले, २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. आपल्या मुलाखतींच्या ध्वनिफितींवर असा प्रसंग येणार नाही, कारण त्या कोठे ठेवल्या आहेत, हे दोन वर्षांनी आपल्यालाही आठवत नसते.

एक धोक्याची सूचना येथेच द्यायला हवी. काही समुदाय हल्ली स्वतःच नियम करू लागले आहेत. दक्षिण आफ्रिकेतील सान या मूळनिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी आचारसंहिता जाहीर केली, आणि तिच्यात संशोधकांनी विद्यापीठी नव्हे तर समजेल अशा भाषेत बोलावे, अशीही अपेक्षा आहे. ही अट सर्वत्र पसरली तर आमच्यापैकी अनेकांकडे सांगण्यासारखे किती उरेल, याची मला प्रामाणिक काळजी वाटते.

प्रकल्प संपल्यावर ‘प्रभाव’, म्हणजे संशोधनाचा समाजाला झालेला उपयोग, दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचे जे मूल्यमापन होते, त्यात त्याचा वाटा २०१४ मध्ये २० टक्के होता, २०२१ मध्ये तो २५ टक्के झाला. म्हणजे आता तेवढ्यासाठी तरी वस्तीत पुन्हा जाणे आले. आपल्या संशोधनाने तेथील जीवन बदलले, असे पत्र त्याच स्थानिक संस्थेकडून घ्यावे. मसुदा पूर्वीप्रमाणेच आपण तयार न्यावा. त्या बाई सही करण्यापूर्वी अहवालाची प्रत मागतील आणि नळाचे काय झाले, हेही विचारतील. शोधनिबंध वर्गणीदारांपुरत्याच खुल्या असलेल्या नियतकालिकात आला आहे, असे नम्रपणे सांगून सहीची जागा बोटाने दाखवावी.