मेसचं पांप्लेट आणि दत्ताचा बोकड

आखाडातल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी लातुरात कट्ट्यावर माणूस सापडणं अवघड, जो तो एकतर घरी वाटणाच्या वासात अडकलेला नाहीतर कुणाच्या तरी शेतात पार्टीला गेलेला. तरी परवा आम्ही सहाजण जमलो, औसा रोडला त्याच बंद शटरच्या पायरीवर, पाऊस भुरभुर चालू, शेजारच्या हॉटेलातून कट चहा. मी, स्वामी, पाटील, अज्जू, एमआर (मेडिकलच्या लाईनला आहे, त्याला नावानं कुणीच हाक मारत नाही) आणि आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे झेडपीचे मास्तर. दत्ता नंतर आला, त्याचं पुढं सांगतो.

भांडणाला कारण एक पांप्लेट. सकाळच्या पेपरात निघालेलं, कुठल्यातरी मेसचं, नाव घेत नाही. वर मोठ्या अक्षरात ‘शुद्ध सात्विक आहार, तल्लख बुद्धीचा आधार’ आणि खाली डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराचा फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप, पोरगं बहुतेक नेटवरनं उचललेलं. नीटचे क्लासेस भरले की असली पांप्लेटं रोज निघतात, आम्ही त्याच्यावर भजी ठेवून खातो. पण स्वामीनं ते घडी घालून खिशात आणलेलं. स्वामी लिंगायत, त्याला आखाड काय अन् श्रावण काय सगळे महिने सारखेच, जन्मात अंडं फोडलेलं नाही.

"हे खरंय म्हणून छापलेत," स्वामी म्हणला. "टॉपर पोरं बघा, सगळी शाकाहारी मेसला जेवतात."

"आरं मेसच सगळ्या शाकाहारी हायत की," पाटील म्हणला, "दीडशे पोरांना मटण घालायला परवडतंय का मेसवाल्याला? नापास झालेली पोरंबी तिथंच जेवली का नाय? त्यांचा फोटो छाप म्हणावं."

इथंच विषय संपला असता पण एमआरला राहवलं नाही. त्यानं मोबाईल काढला आणि म्हणला, थांबा, ह्याच्यावर खरंच अभ्यास झालेला आहे, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आलेला, 2006 च्या डिसेंबरात. स्वामीचा चेहरा असा खुलला की बस. ब्रिटनमधे 1970 साली एका आठवड्यात जन्मलेल्या पोरांची नोंद ठेवलेली, ती दहा वर्षांची झाल्यावर त्यांचा आयक्यू मोजला, आणि तीस वर्षांची झाल्यावर विचारलं काय खाता. 8170 जण. त्यातले 366 म्हणले आम्ही शाकाहारी. आणि ह्या 366 जणांचा लहानपणीचा आयक्यू बाकीच्यांपेक्षा साधारण पाचनं जास्त निघाला, पुरुषांत 106 विरुद्ध 101, बायकांत 104 विरुद्ध 99.

"झालं!" स्वामीनं मांडीवर थाप मारली, चहा सांडला. "गोऱ्यांनी पण मान्य केलं. अज्जूभाई, काय म्हणणं आता?"

अज्जू शांत. त्याचं म्हणणं एवढंच की पाच मार्कानं काय होतंय, नीटला पाच मार्कात सीट जाते ते वेगळं.

मास्तरांनी मात्र बरोबर जागेवर बोट ठेवलं. आधी चष्मा पुसला (मास्तर चष्मा पुसायला लागले की समजायचं आता फळा आला) आणि म्हणले, आयक्यू कधी मोजला? दहाव्या वर्षी. खाणं कधी विचारलं? तिसाव्या वर्षी. म्हणजे भाजी खाऊन डोकं वाढलं असं ह्याच्यात कुठंच नाही, झालं तर उलटं, ज्याचं डोकं लहानपणी बरं चाललं त्यानं मोठेपणी मटण सोडायचा चान्स जरा जास्त. "आता कोजागिरीला आपल्याकडनं माणसं तुळजापूरला पायी जातात. जाणाऱ्यांचे पाय दणकट असतात. मग पायी गेल्यानं पाय दणकट झाले का दणकट पायवालेच गेले, सांग बरं स्वामी?" स्वामी म्हणला दोन्ही. त्याच्यावर मास्तर पण हसले, कारण उत्तर तसं चुकीचं नव्हतं.

मग एमआरनं उरलेलं वाचलं आणि मजा तिथं आली. त्या 366 मधले 123 जण स्वतःला शाकाहारी म्हणवत होते पण मासे नाहीतर चिकन खात होते.

पाटील पायरीवरनं उठलाच. "म्हणजे मी इंग्लंडात शाकाहारीत बसतो!" पाटलाचं असंय की सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी, चतुर्थी, नवरात्र, अख्खा श्रावण. हिशोब केला तर वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तो पूर्ण शाकाहारी असतो, आणि राहिलेल्या दिवसांत अज्जूच्या दुप्पट खातो. ह्याला कुठल्या खान्यात टाकायचं? मराठवाड्यातली निम्मी माणसं ह्याच खान्यात आहेत आणि असल्या अभ्यासात तो खानाच नसतो, हे माझं मत. बरं आणखी गंमत, त्या 123 जणांच्या आणि पक्क्या शाकाहारींच्या आयक्यूत काहीच फरक निघाला नाही. आणि जे दूधतूपसुद्धा खात नव्हते, ज्यांना व्हीगन म्हणतात, त्यांचा तर उलटा कमी, 95. पण असले सगळे मिळून 9 जण. नऊ माणसांवरनं काय सांगणार, आम्ही सातजणांनी एकदा मावळत्या बाजूला तोंड करून पूर्व कुठंय ह्याच्यावर अर्धा तास वाद घातलाय.

आणि एक, ते शाकाहारी लोक शिकलेले जास्त होते पण कमाई बाकीच्यांपेक्षा जास्त नव्हती. घरची परिस्थिती अन् शिक्षण हिशोबात धरल्यावर आयक्यूचा फरक पण कमी झाला, पूर्ण गेला नाही मात्र. कमाईचं ऐकून पाटलाचा इंटरेस्ट गेला.

माझा मुद्दा वेगळाच होता आणि तो मी दोनदा मांडला पण पहिल्यांदा कुणी ऐकला नाही. तिकडं घरी मटण शिजतंय, सगळा गाव खातोय, आणि पोरगं एक दिवस म्हणतं मी खाणार नाही. त्याला आईशी भांडावं लागतंय, कारण द्यावं लागतंय. इकडं स्वामीनं काय सोडलं? काहीच नाही. त्याच्या ताटात कधी आलंच नाही. तसंच अज्जूनं काय निवडलं? तेही नाही. आपल्याकडं खाणं घरातनं येतं, आडनावासारखं. सरकारी पाहणीत 2014 साली महाराष्ट्रात चाळीस टक्के शाकाहारी निघाले, राजस्थानात पंचाहत्तरच्या आसपास आणि तेलंगणात एक टक्का जरा वर.

"म्हणजे देगलूर ओलांडलं की अक्कल संपली?" अज्जू म्हणला. "हैदराबादला एवढ्या आयटी कंपन्या बिर्याणी खाऊन चाललालेत त्या कशा?"

ह्याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. स्वामीनं मग गणितवाला रामानुजन काढला. बरोबर आहे, रामानुजन कट्टर शाकाहारी, केंब्रिजला पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वतः करून खायचे. पण तिथंच आजारी पडले आणि 1920 ला बत्तिसाव्या वर्षी गेले, तर ते उदाहरण नेमकं कुणाच्या बाजूचं हे मला कळेना. मग त्यानं आइन्स्टाइन काढला. मास्तर म्हणले, त्यानं सोडलं ते मरायच्या वर्षभर आधी, सापेक्षता तोपर्यंत होऊन गेली होती बाबा, नोबेल पण 1921 चं.

आता ह्याच्यापुढं जे झालं ते जरा गंभीर. एमआर म्हणला, डोक्याचं अन् खाण्याचं नातं आहे, पण तुम्ही बघलालेत तिकडं नाही. केनियात शाळेतल्या पोरांना रोज मका अन् घेवड्याचं कालवण द्यायचे, काहींच्या कालवणात मटण टाकलं, काहींना दूध दिलं, काहींना नुसतं तेल जास्त घातलं, आणि कोडी सोडवायच्या चाचणीत मटणवाली पोरं पुढं गेली. स्वामी लगेच म्हणला दूधवाली? दूधवाली त्या चाचणीत पुढं नाही गेली. पण ती पोरं मुळात अर्धपोटी होती, मेसचे पैसे भरणाऱ्या पोरांना ते जसंच्या तसं लागू नाही, हे पण एमआरनंच सांगितलं, तेवढा तो प्रामाणिक आहे. मग बी बारा जीवनसत्त्वावर आला. झाडापाल्यात बी बारा नसतं, दूधदह्यात असतं थोडं, ते पण खाल्लं तर. कमी पडलं की मुंग्या येतात, विसरायला होतं.

"ह्याचा धंदाच इंजेक्शनावर हाय," पाटील म्हणला. खरंच आहे ते, तरी मुद्दा खोटा ठरत नाही.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणले, 2023 च्या नोव्हेंबरात शासनानं शाळेत आठवड्याला एक अंडं चालू केलं, न खाणाऱ्याला केळी. आमच्या शाळेत पहिल्या दिवशी एका दुसरीतल्या पोरीनं पांढरं पांढरं कडंनं खाल्लं आणि पिवळा बलक हातात धरून बसली. म्हणलं खा की. तर म्हणली भावाला नेते, तो अजून शाळेत नाही. चड्डीच्या, म्हणजे फ्रॉकच्या खिशात घालायला निघाली तर त्याचा भुगा झाला. दुसऱ्या खेपेला मी कागद दिला. 2025 च्या जानेवारीत अंड्याचा पैसा बंद झाला, द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणले. "2019-21 च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर पोरांत एकोणसत्तर पोरांना रक्त कमी निघालं आणि आपण इथं बसून गोऱ्यांचा आयक्यू मोजलालोत."

स्वामी यावर काही बोलला नाही. नंतर हळूच म्हणला, केळी तरी चालू ठेवायची की.

तेवढ्यात दत्ता आला, हॉटेलात दूध घालायला, गाडीला दोन्ही बाजूला कॅन. दत्ता आमच्यातला दहावी नापास, दोनदा. त्याला पाटलानं बोलवून पांप्लेट दाखवलं, "दत्त्या, शाकाहारी माणूस हुशार असतोय म्हणं, तू सांग." कारण दत्तानं मटण सोडलंय हे सगळ्यांना माहीत, सहासात वर्षं झाली, लग्नकार्यात नको म्हणतो, गळ्यात माळ पण नाही. आम्हाला वाटायचं डॉक्टरनं सांगितलं असेल.

दत्ता उभ्या उभ्या चहा घेत म्हणला, त्याच्याकडं उस्मानाबादी शेळीचा बोकड होता, काळाकुट्ट, एका कानावर पांढरा ठिपका. नवसाचा, येरमाळ्याच्या देवीचा. तर त्याला दोरीनं ओढायची कधी गरज पडली नाही, दत्ताच्या पँटीच्या खिशात बाभळीच्या शेंगा असायच्या, बोकड खिशात तोंड घालून चालायचा. "त्या दिवशीबी तसाच आला माझ्यामागं. कापणारा म्हणला धरा, मी म्हणलं धरायची गरज नाय. खिशातलं तोंड मीच काढलं." मग म्हणला जेवायला बसलो तर खिशात अजून दोन शेंगा होत्या.

कुणी काही बोललं नाही, हॉटेलातल्या रेडिओवर कसलीतरी जाहिरात चालू होती.

मला एकदम वाटलं की आम्हा सातजणांत, त्या इंग्लंडच्या अभ्यासात म्हणतात तसा, स्वतःच्या डोक्यानं शाकाहारी झालेला हा एकटाच माणूस आहे, आणि त्याचा दहाव्या वर्षी आयक्यू मोजला असता तर काय निघाला असता देव जाणे, गणितात त्याला कायम भोपळा.

"आरं मग हे इतक्या वर्षांत सांगितलं कामून नाहीस बे?" पाटील म्हणला.

"तुमी इचारलं कवा? वाढू का नको, एवढंच इचारता." त्यानं ग्लास ठेवला, किटलीवाल्या पोराकडं बघून मोबाईल काढला. "घरून फोन हाय, थ्री फेज आली म्हणं. मोटर चालू करायचीय, लाईट परत जायच्या आत पोचायला पायजे."

रिकामे कॅन वाजवत गेला. स्वामी पांप्लेटची घडी घालायला लागला, मग त्याच्यानंच सांडलेला चहा पुसला.