साडेबारा सेंटिमीटरचं काय करायचं?

आमच्या घरातला नॉनस्टिक पॅन गेला. म्हणजे पॅन जागेवरच होता, त्याचं नॉनस्टिकपण गेलं होतं. "नवा आणू या का?" असं बायकोने विचारलं. प्रश्न साधा होता आणि त्याला 'हो' एवढं उत्तर पुरलं असतं. पण मी तेव्हा हौस म्हणून लोहारकाम शिकत होतो, आणि त्याच आठवड्यात माझ्या हातून एक उलथनं बऱ्यापैकी उलथन्यासारखं झालं होतं. माणसाचं एक उलथनं नीट झालं की त्याच्या डोक्यात काय काय शिरेल याला धरबंध नसतो.

"आणायचा कशाला? मी घडवतो," मी म्हणालो.

"पॅन?"

"पॅन. अस्सल पोलादाचा. नातवंडं वापरतील."

"नातवंडांचं नंतर बघू. मला अंडं कधी मिळेल ते सांग."

"येत्या रविवारी."

असे अकरा रविवार गेले.

आमचे लोहारकामाचे मास्तर कमी बोलतात. मी बेत सांगितला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पत्र्याचं काम आहे." मी मनात म्हटलं, चला, नुसतं पत्र्याचंच आहे. वाक्य एकच होतं, पण मला ते धीर देणारं वाटलं आणि त्यांना ते सावध करणारं वाटत होतं, हे कळायला मला भट्टी पेटेपर्यंत थांबावं लागलं.

त्याआधी एक छोटा प्रसंग घडला. घरी माळ्यावर एक चकचकीत पत्रा पडून होता, तो मी मोठ्या काटकसरीने घेऊन गेलो. मास्तरांनी तो उलटसुलट पाहिला आणि दोन बोटांत धरून बाहेर नेऊन ठेवला. "याला जस्ताचा मुलामा आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि आपण त्याच्या वर काम करतो. धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. पॅन होईल न होईल, ताप नक्की येईल." मग त्यांनी मला साधं, कमी कार्बनचं पोलाद दिलं. अडीच मिलिमीटर जाडीचा काळा पत्रा, त्यातून ३० सेंटिमीटर व्यासाची चकती कापलेली. वजन जवळजवळ १ किलो ४०० ग्रॅम. हातात घेतल्यावर ती थाळीसारखी वाटली. तिथेच थांबून 'थाळी घडवली' असं घरी सांगितलं असतं तर दहा रविवार वाचले असते.

आता गणित. मी कागदावर आकृती काढली होती. मध्ये २० सेंटिमीटरचा सपाट तळ, भोवती ५ सेंटिमीटरची काठाची पट्टी. ही पट्टी तिरकी उभी केली की ३ सेंटिमीटर बाहेर आणि ४ सेंटिमीटर वर. तीन, चार, पाच! शाळेतला काटकोन त्रिकोण तीस वर्षांनी कामाला आला म्हणून मी इतका हरखलो की तो कागद मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, "चकतीचा घेर किती?"

"९४ सेंटिमीटर."

"आणि काठ उभा केल्यावर वरचा घेर?"

व्यास २६, म्हणजे घेर ८१.७. मी सांगितलं.

"मग मधल्या साडेबारा सेंटिमीटरचं काय करायचं?"

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर ते साडेबारा सेंटिमीटर कुठेच नव्हते. कागदाचं हेच वाईट, तो कशालाही हो म्हणतो. पोलाद जागचं नाहीसं होत नाही. काठ वर उचलला की जास्तीच्या धातूला जायला जागा उरत नाही, आणि मग तो परकराच्या झालरीसारख्या चुण्या घालतो. त्या चुण्या कोवळ्या असतानाच तापवून, ठोकून धातूतच जिरवाव्या लागतात. उशीर झाला की चुणी दुमडते, आणि दुमडलेली चुणी जन्मात उलगडत नाही. मास्तरांनी हे तीन वाक्यांत सांगितलं. मी ते सहा रविवारांत शिकलो.

ऐरण, हातोडा, भट्टी या शब्दांना एक भारदस्त वजन आहे. प्रत्यक्षात माझा बहुतेक वेळ सांडशीशी झटापट करण्यात गेला. लोहाराची सांडशी स्वयंपाकघरातल्या सांडशीची थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीसारखीच ती आपलं ऐकत नाही. जाड सळई तापवली की ती बराच वेळ लाल राहते, तुमच्या चुका पोटात घालते. पत्रा मुळीच थांबत नाही. भट्टीतून नारिंगी तापलेला बाहेर काढला की हातात फार तर दहा-बारा सेकंद. त्यातले चार मी चकती नीट पकडण्यात घालवायचो, तीन ऐरणीवर जागा शोधण्यात, दोन मास्तर बघतायत का हे बघण्यात. उरलेल्या वेळात दोन घाव. त्यातला एक ऐरणीवर.

मास्तरांची शाळा अंधारी आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, विजेचं बिल वाचवतात. खरं कारण वेगळं होतं. लोखंड किती तापलंय हे रंगावरून ओळखायचं असतं आणि भरउजेडात तो रंग फसवतो. ड्रेपर नावाच्या शास्त्रज्ञाने १८४७ साली दाखवून दिलं की घन पदार्थ साधारण ५२५ अंशांना अंधारात जेमतेम लाल दिसू लागतात, मग पदार्थ कुठलाही असो. म्हणजे त्याच्या खाली लोखंड जळजळीत असूनही काळंच दिसतं. "लालची भीती बाळगू नका," मास्तर सांगत, "ते ओरडून सांगतं. काळ्याला भ्या." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, वही मिटली, आणि बाजूला 'गार झालेली' पट्टी उचलली. त्यानंतरचा अर्धा तास मी उजवा हात बादलीत घालून बसलो होतो. वही डाव्या हाताने पुन्हा उघडली आणि त्या वाक्याखाली रेघ मारली. तेव्हापासून ऐरणीजवळच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी मी तळहाताची मागची बाजू तिच्याजवळ नेऊन पाहतो. घरी चहाच्या कपालाही.

चौथ्या की पाचव्या रविवारी काठ उभा राहू लागला. भट्टीच्या तोंडाशी धरून काठाचा वीतभर भाग तापवायचा, लाकडी ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर धरून आत ठोकायचा, थोडं फिरवायचं, पुन्हा भट्टी. प्रत्येक घावाला ओंडका धुमसायचा आणि मी त्या धुरात खोकत खोकत चुण्या मोजायचो. अंगावर सुती कपडे, डोळ्यांवर गॉगल, कानांत बोळे. तापलेल्या पोलादावरच्या काळ्या खपल्या उडून नेमक्या बुटात शिरत. घरी गेलो की बायको दारातच विचारायची, "आज पॅन किंवा पॅनसारखं काही?" मी मोजे झटकायचो. त्यातून पडलेलं ते पॅनचंच होतं, पण तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

एकदा हुरूप चढला. हात बसला होता, घाव जागेवर पडत होते, आणि अशा वेळी कोण थांबतं? लाली गेली तरी मी ठोकत राहिलो. दोन-तीनशे अंशांच्या आसपास पोलाद गार लोखंडापेक्षाही ठिसूळ वागतं. घासलेल्या जागी तेव्हा निळसर छटा दिसते. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त काठातून 'चर्र' असा कागद फाटल्यासारखा आवाज आला. दोन सेंटिमीटरची भेग. मी तिच्याकडे आणि मास्तर माझ्याकडे बघत उभे. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी कानस घेतली, भेग असलेला तुकडा अर्धगोल काढून टाकला, कडा जरा बाहेर वळवली आणि म्हणाले, "चोच झाली. तेल ओतायला बरं." आज घरी येणारे पाहुणे सगळ्यात आधी त्या चोचीचं कौतुक करतात. 'किती विचार करून केलंय!' मी विनयाने मान खाली घालतो.

एवढं सगळं झालं, पण ती नुसती सुरुवात होती. कारण तळ राहिला होता.

मला वाटलं होतं, गोल करणं अवघड आणि सपाट काय, आधीच सपाट होतं. पण काठ उभा करताना तळाने मनात काहीतरी धरून ठेवलं होतं. पॅन ऐरणीवर ठेवला की पाळण्यासारखा डुलायचा. मध्ये फुगवटा. मी फुगवट्यावर ठोकलं. तो वाढला. जोरात ठोकलं, आणखी वाढला. याचं कारण अगदी सरळ आहे आणि म्हणूनच चीड येते: ठोकलं की पत्रा पातळ होतो, पातळ झाला की पसरतो, आणि चारी बाजूंनी काठाने कोंडलेला तळ पसरणार कुठे? वर नाहीतर खाली. रुसलेल्या माणसाची समजूत काढावी तितका तो फुगतो, तसं. वरून दाबलं की फुगवटा 'टक' करून खाली जायचा. उलटा करून दाबला की 'टक' करून वर. तीन रविवार मी पॅनच्या दोन्ही बाजूंनी त्याची समजूत काढत होतो. झोपेतसुद्धा टक ऐकू यायचं.

शेवटी मास्तरांनी तो हातात घेतला, फुगवट्याला बोटही न लावता त्याच्या भोवतालचा पट्टा हलक्या हाताने फिरत फिरत ठोकला, म्हणजे मधल्या जास्तीच्या धातूला पसरायला जागा झाली. "किंचित वर उचललेला राहू दे," ते म्हणाले. "कडेवर बसेल, डुलणार नाही." डुलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुराचं होतं.

दांड्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती माझ्या लौकिकाला धरून आहे. मजबूत हवा म्हणून मी २५ बाय १० मिलिमीटरची, ४० सेंटिमीटर लांब पट्टी घेतली. वजन ७८५ ग्रॅम. भोकं पाडून तात्पुरते बोल्ट लावले, पॅन खाली ठेवला आणि त्याने दांडा जमिनीला टेकवून तोंड वर केलं, चंद्राकडे बघून रडणाऱ्या कुत्र्यासारखं. मास्तर हसले. अकरा रविवारांत ते हसलेले मी तेवढेच पाहिले. मग पट्टी तापवून निमुळती केली, लांबी कमी केली, वजन निम्म्यावर आणलं. सहा मिलिमीटरचे तीन रिव्हेट बसवले. डोकं बनवायला रिव्हेट व्यासाच्या दीडपट, म्हणजे नऊ मिलिमीटर बाहेर ठेवायचा असतो. दोन छान बसले. तिसरा वाकडा आहे. पाहुण्यांना मी तो दिसणार नाही असा पॅन धरतो.

घरी आल्यावर शेवटचा विधी: घासून स्वच्छ केलेला पॅन तापवून, तेलाचा पातळ थर देऊन, धूर येईपर्यंत भाजायचा. तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक थर बसतो. पॅन तापला तसा तो आधी गव्हाळ झाला, मग जांभळा, मग मोराच्या मानेसारखा निळा. ज्या निळ्याने माझा काठ फाडला होता, तोच हा. यावेळी मी हात मागे बांधून उभा होतो. तेल मात्र प्रेमाने भरपूर लावलं. त्याचा असा चिकट राप बसला की जुना नॉनस्टिक पॅन बरा वाटावा. सगळं खरवडून पुन्हा केलं. तेल लावायचं, आणि मग आपल्या हातून चुकून लागलं होतं असं समजून कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, हे दुसऱ्या खेपेला जमलं.

अंडं निघालं. पहिलं नाही, तिसरं. पण निघालं, अख्खं, आणि बायकोने ते काही न बोलता खाल्लं. मग ती म्हणाली, "मीठ?" मीठ मी विसरलो होतो.

एक गोष्ट राहिली. मास्तरांनी किंचित वर ठेवलेला तो तळ गॅसवर तापला की एका क्षणी खाली बसतो आणि आवाज करतो. टक. गार होताना पुन्हा टक. सुरुवातीला मी दचकायचो. तीन रविवार आठवायचे. आता सकाळी मी पॅन गॅसवर ठेवून खुशाल पेपर वाचत बसतो. स्वयंपाकघरातून आवाज येतो, आणि आतल्या खोलीतून बायको हाक मारते, "अरे, तापला बघ."

मी उठतो आणि अंडं फोडतो.